पोटात दुखतंय, पण नेमकं कुठे?



डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आपण म्हणतो, "पोटात दुखतंय." ते विचारतात, "कुठे?" आणि आपण पदर सावरून छातीपासून मांडीपर्यंत हात गोल फिरवतो व सांगतो, "हे असं, सगळीकडेच!"

स्वयंपाकघरात अंधार असला तरी मोहरीचा डबा कुठला नि मेथ्यांचा कुठला, हे आपला हात बरोबर ओळखतो. कपाटाच्या कोणत्या कप्प्यात मुलांचे जन्मदाखले आहेत ते आपण झोपेतही सांगू. पण ज्या पोटात दोन-दोन मुलं वाढवली, त्या पोटात यकृत उजवीकडे की डावीकडे असं कुणी विचारलं तर आपण एकमेकींकडे पाहू लागतो. यात आपला फारसा दोषही नाही. शाळेत फुलाचे भाग नीट शिकवले जातात. स्वतःच्या ओटीपोटाचं चित्र आलं की "हा धडा घरी वाचा" म्हणून पान उलटलं जातं. शिकवायला जाते तिथे आजही मी हे पाहते.

ही माहिती नसल्याची किंमत मात्र आपणच देतो. बरगडीखालचं दुखणं, बेंबीभोवतीचा मुरडा, ओटीपोटातली कळ, सगळ्याला आपल्याकडे एकच शब्द, 'पोट'. आणि सगळ्यावर एकच उतारा, ओवा नाहीतर सोडा. शरीरात कोणता अवयव कुठे आहे याच्या ज्ञानाला शरीररचनाशास्त्र म्हणतात. डॉक्टर पहिल्या वर्षी तेच शिकतात, आणि जन्मभर निदान करतात ते त्याच्या आधाराने. पण त्या नकाशावर पहिलं बोट ठेवायचं असतं ते रोग्याने. ते बोट नेमकं पडलं, तर अर्धं काम झालं.

पोटावरची नऊ घरं

वैद्यकशास्त्रात पोटाची नऊ घरं पाडतात, मुली फुली-गोळा खेळताना आखतात तशी. दोन रेघा आडव्या: एक बरगड्यांच्या खालच्या काठाला धरून, दुसरी कमरेच्या दोन्ही हाडांच्या पुढच्या उंचवट्यांना जोडणारी. दोन उभ्या: गळ्यापासून खांद्याकडे जाणाऱ्या आडव्या हाडांच्या मध्यापासून सरळ खाली. उजवं-डावं मात्र आपल्या स्वतःच्या हाताप्रमाणे धरायचं. पुस्तकातलं चित्र समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं, म्हणून ते उलटं दिसतं.

वरच्या ओळीत उजव्या घरात, बरगड्यांच्या आडोशाला यकृत. मटणाच्या दुकानात जिला कलेजी म्हणतात तोच हा अवयव. मोठ्या माणसात तो साधारण दीड किलोचा असतो. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेली, लहानशा वांग्याएवढी पिशवी म्हणजे पित्ताशय. मधल्या घरात जठराचा काही भाग आणि त्यामागे आडवं पडलेलं स्वादुपिंड. डाव्या घरात जठराचा मोठा भाग, आणि त्याच्या मागे नवव्या ते अकराव्या बरगडीखाली दडलेली पानथरी.

मधल्या ओळीत बेंबीच्या घरी लहान आतड्याची वेटोळी. दोन्ही बाजूंना मोठं आतडं: उजवीकडून वर चढणारं, डावीकडून खाली उतरणारं. मूत्रपिंडं मात्र या घरांच्या पार मागे, पाठीला टेकून असतात. म्हणून त्यांचं दुखणं बहुधा पाठीत, बरगड्या संपतात तिथे जाणवतं.

खालच्या ओळीत उजवीकडे मोठ्या आतड्याची सुरुवात आणि तिला लोंबणारं करंगळीसारखं अपेंडिक्स. मध्ये मूत्राशय, त्यामागे गर्भाशय. डावीकडे मोठ्या आतड्याचा शेवटचा वळसा. आणि गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक बीजांडकोश व बीजवाहिनी.

एवढा नकाशा डोक्यात ठेवला की "पोटात दुखतंय" ऐवजी "उजव्या बरगडीखाली दुखतंय" असं वाक्य आपोआप तोंडात येतं. डॉक्टरांच्या दृष्टीने या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुखणं एका घरी, कळ दुसऱ्या घरी

पण शरीर इतकं सरळ नसतं. आतल्या अवयवांच्या नसा आणि बाहेरच्या कातडीच्या नसा मज्जारज्जूत पुष्कळदा एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. एका वाड्यात चार बिऱ्हाडं, पण दारावर घंटा एकच, तसा हा प्रकार. घंटा वाजली हे मेंदूला कळतं. कोणाकडचा पाहुणा ते कळत नाही.

अपेंडिक्सचंच पाहा. ते असतं उजवीकडे खाली, पण सुजलं की कळ आधी उठते बेंबीभोवती. कारण त्याची घंटा आणि बेंबीजवळच्या कातडीची घंटा एकच. काही तासांनी सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला लागते. या अस्तराच्या नसा नेमकी जागा सांगतात, म्हणून आता दुखणं उजवीकडे खाली सरकतं. सोबत भूक मरते, मळमळतं, अंग गरम होतं. न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ही जागा बोटाने दाखवून दिली: उजव्या कमरेच्या हाडाच्या उंचवट्यापासून बेंबीपर्यंत रेघ काढली, तर हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर. आजही डॉक्टर तिथेच बोट दाबून पाहतात.

हे दुखणं राजाला सोडत नाही. इंग्लंडचा सातवा एडवर्ड २६ जून १९०२ रोजी राज्याभिषेक करून घेणार होता. पाहुणे जमले होते. पोटात दुखत असूनही समारंभ पुढे ढकलायला तो तयार नव्हता. शेवटी २४ जूनला शस्त्रक्रिया करून अपेंडिक्सभोवती साठलेला पू काढावा लागला आणि राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. शस्त्रक्रिया करणारे फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांची स्वतःची मुलगी दोनच वर्षांपूर्वी याच दुखण्याने गेली होती. घरी लग्न आहे, सणवार आहे, परीक्षा आहे म्हणून दुखणं अंगावर काढणाऱ्या प्रत्येकीने हा राजा आठवावा.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं? "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळतात, बेंबीवर दिवा ठेवून तांब्या लावतात, आणि "पोट साफ झालं की बरं वाटेल" म्हणून एरंडेल पाजतात. बेंबी ही नाळ गळून पडल्याची खूण आहे. ती कुठे सरकत नाही. सुजलेलं अपेंडिक्स चोळण्याने किंवा जुलाबाच्या औषधाने फुटण्याचा धोका असतो, आणि ते फुटलं की पू सगळ्या पोटात पसरतो. कारण न कळलेल्या पोटदुखीवर एरंडेल नको आणि चोळणंही नको, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ.

लहान मूल पोट दुखलं की हमखास बेंबीवर हात ठेवतं. बहुतेक वेळा ते साधंच असतं. पण त्याला लंगडीसारखी एका पायावर उडी मारायला सांगा. खेळकरपणे उडी मारली तर थोडं थांबून पाहता येईल. उडीच्या धक्क्याने पोट धरून खाली बसलं किंवा उडी मारायलाच तयार नसेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

पित्ताशयातले खडे पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. तळलेलं, तुपकट जेवण झालं की तासा-दोन तासांनी उजव्या बरगडीखाली कळ येते आणि मागे उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाते. पोट कुठे नि खांदा कुठे! याचं एक कारण मोठं मजेचं आहे. छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा गर्भावस्थेत मानेजवळ घडू लागतो आणि मग खाली उतरतो. येताना आपली नस मानेतूनच घेऊन येतो. सासरी येऊन कितीही वर्षं झाली तरी ओढ माहेरची, तसं त्याचं आहे. पडद्याला खालून काही टोचलं की कळ जाते खांद्याकडे.

मूत्रपिंडातला खडा साधारण २५ सेंटिमीटर लांबीच्या बारीक मूत्रवाहिनीत अडकला, की कळ पाठीतून कुशीकडे आणि तिथून जांघेत उतरते. ही कळ माणसाला एका जागी बसू देत नाही. उलट, अस्तराला सूज आली असेल तर माणूस हालत नाही, मुटकुळं करून पडून राहतो. रोगी तळमळतोय की निपचित पडलाय, हेसुद्धा डॉक्टरांना सांगण्याजोगं असतं.

आणि हृदय! हृदयविकाराचा झटका म्हटलं की छातीवर हात धरून कोसळणारा पुरुष डोळ्यांपुढे येतो. छातीत दुखणं हे बायकांतही मुख्य लक्षण आहेच. पण बायकांना पुष्कळदा त्याच्या जोडीला, कधी त्याऐवजी, पोटाच्या वरच्या मधल्या घरात जडपणा, मळमळ, दम लागणं, घाम, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, विलक्षण थकवा असं होतं. इथेही घंटा एकच आहे. "पित्त झालंय" म्हणून बाई सोडा पिऊन निजते, आणि मोलाचे तास हातचे जातात. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या बाईचं असं 'पित्त' घरी बसून पाहायचं नसतं.

आपलं ओटीपोट

इथल्या दुखण्याबद्दल आपण सगळ्यांत कमी बोलतो, आणि इथेच रचना समजून घेण्याची गरज सगळ्यांत जास्त.

बायकांना लघवीची जळजळ वारंवार का होते? पुरुषांचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब, आपला जेमतेम ४. शिवाय त्याचं तोंड गुदद्वाराच्या जवळ. जंतूंना वाट जवळची पडते, एवढाच याचा अर्थ. त्यात अस्वच्छपणाचा किंवा चारित्र्याचा काही संबंध नाही. पाणी पुरेसं प्यावं, लघवी तुंबवू नये, शौचानंतर पुढून मागे धुवावं, हे उपाय या रचनेतूनच निघाले आहेत. जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला आणि पाठीत दुखू लागलं, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत चढल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दुसरी गोष्ट फार गंभीर. कधी कधी गर्भ गर्भाशयात न रुजता बीजवाहिनीतच रुजतो. ती नळी दहा-बारा सेंटिमीटर लांब आणि अगदी अरुंद. गर्भ वाढू लागला की ती फुटू शकते आणि पोटात रक्तस्राव होतो. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, थोडं रक्त जातंय, चक्कर येतेय, आणि खांद्याच्या टोकाला दुखतंय, अशी ती चित्रं जुळतात. खांदा का, ते आता तुम्हीच सांगाल: रक्त वर पडद्याला लागतं, आणि पडद्याचं माहेर मानेत. अशा वेळी 'पाळीचं दुखणं' म्हणून गरम पाण्याची पिशवी घेऊन पडू नका. हा मिनिटांचा प्रश्न असतो.

गरोदरपणात नकाशाच बदलतो. वाढतं गर्भाशय आतड्यांना वर ढकलतं आणि अपेंडिक्सही वर सरकू शकतं. म्हणून दिवस गेलेल्या बाईने पोटदुखी "या दिवसांत व्हायचंच" म्हणून सोडून देऊ नये.

डॉक्टर पोटावर टकटक का करतात?

नारळ घेताना आपण वाजवून पाहतो, डबा किती भरलाय हे बाहेरून टिचकी मारून ओळखतो. ऑस्ट्रियातले डॉक्टर लिओपोल्ड आउएनब्रुगर यांचे वडील खाणावळवाले होते आणि पिंपं अशीच वाजवून पाहण्याची तिथे रीत होती. मुलाने हीच युक्ती माणसाच्या छातीवर वापरली आणि १७६१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. हवा असेल तिथे पोकळ आवाज, पाणी किंवा भरीव अवयव असेल तिथे बद्द आवाज. अवयव कुठे संपायला हवा हे ठाऊक असलं, की तो वाढलाय का हे बोटांना कळतं.

"मोठा श्वास घ्या" असं का सांगतात? श्वासाबरोबर पडदा खाली येतो आणि यकृत व पानथरी यांना खाली ढकलतो. वाढली असतील तर ती डॉक्टरांच्या बोटांना लागतात. निरोगी मोठ्या माणसाची पानथरी सहसा हाताला लागत नाही. हिवतापात ती वाढते. पित्ताशय सुजलेलं असेल तर उजव्या बरगडीखाली बोट असताना घेतलेला श्वास कळेने मध्येच तुटतो.

स्टेथोस्कोपचा जन्म तर एका बाईमुळे झाला. १८१६ मध्ये पॅरिसला रने लाएनेक यांच्याकडे हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. छातीला कान लावून ऐकण्याची तेव्हाची पद्धत. ते प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक छातीला नि दुसरं कानाला लावलं, आणि ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. संकोचावर डॉक्टरांनी असा मार्ग काढला. आपल्या आनंदीबाई जोशी याच संकोचापायी बायका विनाउपचार राहतात म्हणून सातासमुद्रापार गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. आज गावोगाव स्त्री-डॉक्टर आहेत. पुरुष डॉक्टर असले तरी सोबत परिचारिका किंवा घरची बाई थांबू द्या असं तुम्ही खुशाल सांगू शकता. पण साडीवरूनच तपासा, असा आग्रह धरू नका. लपवलेल्या पोटाचं निदान होत नाही.

कुणी म्हणेल, आता सोनोग्राफी आहे, मग हात कशाला? पण यंत्र कुठे आणि कशासाठी फिरवायचं हे आधी ठरवावं लागतं. ते ठरतं तुमच्या बोटावरून आणि डॉक्टरांच्या हातावरून.

उपचारालाही नकाशा लागतो

सिझेरियनच्या वेळी कण्यात इंजेक्शन देतात. "त्याने मज्जारज्जू दुखावतो, कंबर कायमची जाते," अशी भीती कितीजणी बाळगून असतात! मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. डॉक्टर कमरेच्या हाडांचा वरचा काठ चाचपतात. ती रेघ चौथ्या मणक्यावरून जाते. सुई त्याच्या आसपास, म्हणजे मज्जारज्जू संपल्याच्या खाली टोचतात. पाठ मांजरासारखी गोल करायला सांगतात ती मणक्यांमधली फट उघडावी म्हणून. नंतरच्या कंबरदुखीला बाळाला वाकून घेणं आणि सैल पडलेले पोटाचे स्नायू हीच कारणं बहुधा असतात.

तान्ह्या बाळाला लस मांडीत का देतात? त्याच्या कुल्ल्याचा स्नायू अजून भरलेला नसतो आणि तिथून पायाकडे जाणारी मोठी नस जाते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तो धोका नाही. पुढच्या वेळी आजी "मांडीत का टोचलं?" म्हणाल्या, तर हे सांगा.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी

चिठ्ठीवर एवढं लिहून न्या:

१. सुरुवात कुठे झाली आणि आता कुठे दुखतंय, एका बोटाने दाखवता येईल असं.
२. कधीपासून, एकदम की हळूहळू.
३. कसं दुखतं: कळ येऊन जाते, जळजळतं, ठणकतं, टोचतं की जड वाटतं.
४. कळ कुठे जाते: खांदा, पाठ, जांघ, जबडा.
५. जेवण, हालचाल, लघवी किंवा शौच यांनी वाढतं की कमी होतं.
६. सोबत ताप, उलटी, काविळीचा पिवळेपणा, लघवीत रक्त.
७. शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली.
८. कोणती गोळी, किती वाजता घेतली, पूर्वीच्या शस्त्रक्रिया.

आणि पुढीलपैकी काही असेल तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा: पोट लाकडासारखं कडक होणं; बेंबीकडचं दुखणं उजवीकडे खाली सरकून ताप-उलटी; पाळी चुकून एका बाजूला दुखणं नि चक्कर; छातीत किंवा पोटाच्या वर जडपणा व घाम; पोट फुगून उलट्या आणि वारा-शौच बंद; रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या घेत असाल तर तेही सांगा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

हे वाचून स्वतःच निदान करत बसू नका. काहींचे अवयव जरा वेगळ्या जागी असतात, आणि एका घरात अनेक भाडेकरू असतात हे आपण पाहिलंच. निदान डॉक्टरांनीच करायचं. आपण साक्ष नीट द्यायची.

घरात सगळ्यांची दुखणी आपल्याला पाठ असतात. यांना कोणती गोळी सोसत नाही, सासूबाईंना दूध कधी बाधतं, धाकट्याला ताप कसा चढतो. त्या यादीत एक नाव घालायचं राहून जातं, ते आपलं. या रविवारी वहीच्या कागदावर ती नऊ घरं काढा आणि मुलीला शेजारी बसवून भरा. तिला पहिली पाळी येण्याआधी स्वतःचं पोट ओळखीचं झालेलं असेल, तर "कुठे दुखतंय?" या प्रश्नाला ती हात गोल फिरवणार नाही.